आईचा पिवळा बावटा

लालबागमध्ये त्या काळी लाल बावटा घरोघरी होता. आमच्याकडेही होता, बाबांचा. तो काठीला गुंडाळून दारामागे उभा असायचा आणि मोर्चा निघाला की बाबांच्या खांद्यावर चढायचा. पण पिवळा बावटा अख्ख्या चाळीत एकट्या माझ्या आईकडे होता. तांदळाच्या डब्यावर तो घडी करून ठेवलेला असे आणि त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती. आई मोटारींच्या शर्यतीत बावटा दाखवायला जाते, असं मी पुढे सासरी सांगितलं तेव्हा सासूबाईंना वाटलं, ही माहेरची बढाई मारते आहे. बढाईच मारायची असती तर मी काहीतरी पटण्यासारखं सांगितलं असतं.

आईची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेली नव्हे, आमच्याच खोलीतली पंगत. खोली एक, वर पोटमाळा, आणि बायकापोरं गावी ठेवून मुंबईत आलेले कोकणातले सात-आठ जण दोन्ही वेळ जेवायला. पहाटे डोळे उघडायच्या आधी कानावर पाट्यावरचा वरवंटा यायचा, मग स्टोव्हची फुरफुर, मग गिरणीचा भोंगा. पाळी सुटली की जिन्यात चपला वाजायच्या आणि आई भाताच्या टोपावरचं झाकण उचलायची. एरवी उकड्या तांदळाचा भात आणि आमटी, वर कधी सुकट. पण रविवारी बांगड्याचं तिखलं व्हायचं, आणि त्यातल्या तिरफळांचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचा. वाढायचं काम माझं. मी शालू, नुकतीच मॅट्रिक झालेली, पुढे काय करायचं ते घरात कुणीच ठरवत नव्हतं म्हणून वाढत होते. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करायचे, युनियनचे जुने कार्यकर्ते. घरात बोलणं मालवणी, बाहेर जसा माणूस तसं.

आमच्या पंगतीत मनोहर परब म्हणून एक तरुण होता. तो गिरणीत नव्हता, भायखळ्याला सोराबजी नावाच्या पारशाच्या गॅरेजात मेकॅनिक होता. या सोराबजींना शर्यतीचं वेड. त्यांच्यासारख्याच आणखी काही वेड्यांनी मिळून एक क्लब काढला होता आणि वर्षातून काही रविवार उपनगरातल्या, समुद्राजवळच्या एका जुन्या धावपट्टीवर त्यांच्या शर्यती होत. लढाईच्या वेळी बांधलेली ती पट्टी आता ओस पडली होती. मनोहर आमच्या खोलीत येऊन त्या गाड्यांची वर्णनं करायचा आणि बाकीचे घास हातात धरून ऐकायचे. हळूहळू तो त्या सगळ्यांनाच घेऊन जायला लागला. शर्यत बघायला नव्हे, कामाला. पट्टी झाडायची, खडे वेचायचे. भायखळ्याच्या मार्केटातून आंब्याच्या पेट्यांमधलं गवत आणून ते गोणपाटांत ठासायचं आणि त्या गोण्या वळणावर रचायच्या, म्हणजे गाडी घसरली तर त्यांत जाऊन आदळेल. पगार नाही, भत्ता नाही. आठवडाभर गिरणीत राबून ही माणसं रविवारी उन्हात झाडू मारायला का जात होती, असं मला कुणी विचारलं तर आजही नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की रविवारी संध्याकाळी ती परत यायची तेव्हा चेहरे काळवंडलेले असायचे आणि जेवताना सगळे एकदम बोलायचे.

एका रविवारी एवढ्या माणसांचं जेवण न्यायला कुणी मिळेना, म्हणून आई स्वतः टोपल्या घेऊन गेली. मला सोबत घेतलं. तिथे पोचलो तर एका टोकाला भांडण जुंपलेलं. पट्टीच्या वळणापाशी जवळच्या कोळीवाड्याची पायवाट आडवी जात होती. कोळणी डोक्यावर टोपल्या घेऊन नेहमीप्रमाणे निघाल्या होत्या आणि क्लबातले दोघे-तिघे त्यांना इंग्रजी-हिंदीत अडवत होते. "आमची वाट आमाला बंद करता? तुमच्या बापाची हाय का?" एक कोळीण कमरेवर हात ठेवून विचारत होती. आईने टोपल्या खाली ठेवल्या आणि ती सरळ त्या बायकांत गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळाने त्या सगळ्या सावलीला बसल्या, आईही त्यांच्यात बसली, आणि गाड्या गेल्यावर आईनेच उठून त्यांना पलीकडे पोचवलं.

हे सगळं एक म्हातारे गृहस्थ बघत होते. डोक्यावर जुनी टोपी, गळ्यात शिट्टी. ते पेरेरा. गिरगावात राहायचे, रेल्वेत गार्ड म्हणून सगळी नोकरी केलेली, आणि आता क्लबातल्या सगळ्या बावटेवाल्यांचे प्रमुख. मूळचे गोव्याचे. ते आईजवळ आले आणि त्यांच्या कोंकणीत म्हणाले, "बाय, ह्या वळणार तूं उबी राव. बावटो हांव तुका शिकयतां."

"माका काय कळता त्यातला?" आई म्हणाली.

"मेल आनी गुड्स हांतलो फरक म्हाकाय कळना आशिल्लो," पेरेरा म्हणाले. "शिकलों."

मालवणी आणि कोंकणी, दोघांचं एकमेकांना सगळं कळत होतं, हीच खरी सोय झाली. इतर कुणी आईला ते काम सांगितलं असतं तर ती लाजली असती. पेरेरा पुढच्या आठवड्यात आमच्या चाळीत आले आणि गॅलरीत उभं राहून त्यांनी आईला शिकवलं. पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा. लाल म्हणजे थांबा. निळा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. चाळीतली पोरं कठड्यावर बसून बघत होती. आई नऊवारी खोचून, हातात पंचा धरून, लाजत-लाजत तो हलवत होती. "अशें न्हय," पेरेरा म्हणायचे, "माशी हाकलतां तशें नाका. त्या ड्रायव्हराक तुजें ऐकूंक दी." मग त्यांनी मला बोलावलं. बावटेवाला एका वेळी एकाच बाजूला बघू शकतो, म्हणून त्याच्या पाठीला पाठ लावून दुसरं कुणीतरी उभं असावं लागतं. आई येणाऱ्या गाड्यांकडे बघणार, मी वळणापलीकडे गेलेल्या गाड्यांकडे, आणि पलीकडे काही बिघडलं तर मी शिट्टी मारायची. त्यानंतर कितीतरी रविवार आम्ही मायलेकी तशा उभ्या राहिलो. आईची पाठ माझ्या पाठीला टेकलेली असायची. गाडी जवळ आली की ती ताठ व्हायची, गेली की सैल पडायची. घरात कधी आई इतका वेळ माझ्याजवळ नसायची.

माझा नातू आता टीव्हीवर शर्यती बघतो. त्याला ड्रायव्हरांची नावं तोंडपाठ आहेत. मी त्याच्या शेजारी बसते, पण माझी नजर कठड्यामागे नारिंगी कपड्यांत उभ्या असलेल्या माणसांवर असते. गाडी बंद पडली की ती धावतात, ढकलतात, तेल सांडलं तर माती टाकतात आणि पुन्हा कठड्यामागे जातात. त्यांची नावं कुणी सांगत नाही. मी नातवाला विचारते, हे कोण? तो म्हणतो, आजी, ते असेच असतात.

आमच्यात असेच पुष्कळ होते. नायगावच्या चाळीतले कांबळे मास्तर, गळ्यात दोन घड्याळं घालून वेळ टिपायचे आणि दोन्ही घड्याळांचं एकमत होईपर्यंत निकाल सांगायचे नाहीत. दादरच्या एका शाळेतले शिपाई, ज्यांच्या हातची झाडलेली पट्टी बघून सोराबजी म्हणायचे, यावर पोहे सांडून खावेत. आणि फणसवाडीचे डॉक्टर. त्यांचं नाव जयंतीलाल, पण सगळे डॉक्टरभाईच म्हणत. गुजराती, बुटके, काळ्या छत्रीखाली दिवसभर, जखमींना न्यायला ठेवलेल्या एका जुन्या व्हॅनजवळ बसून असायचे. कुणाला फार लागलं असं कधी झालं नाही. ते आपले सगळ्यांना पेपरमिंटच्या गोळ्या वाटायचे आणि म्हणायचे, "मी रिकामा बसलेलाच बरा."

मग संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. त्या दिवसांविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, मी आमच्या जिन्यापुरतं सांगते. बाबा घरी फक्त झोपायला यायचे. भोंगे वाजेनासे झाले, आणि त्या शांततेची आम्हाला इतकी सवय नव्हती की रात्री झोप लागायची नाही. रस्त्यावर काचा आणि दगड. गोळीबार झाला त्या संध्याकाळी आईने भात केला आणि जेवायला कुणीच आलं नाही. मनोहरचा धाकटा भाऊ बारक्या गर्दीत होता. त्याच्या पायात गोळी गेली. तो वाचला, पण बरेच दिवस हॉस्पिटलात पडून राहिला आणि पुढे जन्मभर लंगडत चालला. मनोहर त्या दिवसांत ताटाकडे बघत बसायचा.

काही आठवड्यांनी शहर जरा निवळलं आणि क्लबाने शर्यतीचा रविवार ठरवला. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही सगळे गोण्या रचायला पट्टीवर जमलो. डॉक्टरभाई नेहमीप्रमाणे आले आणि त्यांनी गोळ्यांचा डबा मनोहरपुढे धरला. मी जवळच होते. मनोहरने डब्याकडे बघितलंही नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, मुंबई आमची हाय. तुम्ही आता सुरतेला जावा."

सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टरभाईंनी डब्याचं झाकण लावलं, बॅग उचलली, छत्री उचलली आणि ते बस स्टॉपकडे चालायला लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही. कांबळे मास्तर एक पाऊल पुढे झाले आणि थांबले. सोराबजी बुटाने माती उकरत राहिले. आई दुसऱ्या टोकाला होती, तिला हे मी सांगितलं.

रात्री मनोहर जेवायला बसल्यावर आईने त्याला भात वाढला आणि ती समोरच बसली. "तू डॉक्टराक काय बोललस ता माका समाजला."

"माझ्या भावाच्या पायात गोळी गेली, काकी."

"ती डॉक्टरान मारली?"

मनोहर ताटावरून उठायला लागला. आईने त्याच्या मनगटावर हात ठेवला. "उठा नको. माझा बोलना तुका गोड लागूचा नाय, पण भात खा."

त्याने खाल्लं. दोन दिवसांनी दुपारची झाकपाक करून आईने लुगडं बदललं आणि मला म्हणाली, चल. ट्राम सुरू झाल्या होत्या. फणसवाडीत डॉक्टरभाईंचा दवाखाना शोधायला वेळ लागला नाही, कारण त्यांच्या गुजराती पाटीवर कुणीतरी डांबर फासलं होतं. दवाखान्यात पेशंट नव्हता. डॉक्टरभाई आम्हाला बघून उभे राहिले, वरच्या घरात घेऊन गेले. त्यांच्या बायकोने पुढे चहा आणि गाठिया ठेवल्या आणि ती दाराशीच उभी राहिली.

आई म्हणाली, "आमच्या माणसान तुमका वायट बोलला. तो माझ्या घरात जेवता, म्हणून मी इलंय."

"तुमी काय केला बेन, तुमी कशाला माफी मागते?" डॉक्टरभाई म्हणाले. मग म्हणाले, "मी ह्या वाडीत जन्मलो. सुरत मी दोन वखत बघितली, ते पण लग्नात. मुंबईमधी लई डॉक्टर आहेत. तुमी आता एक मराठी डॉक्टर शोधा."

"रविवारी फुकट येवन उन्हात बसणारो दुसरो डॉक्टर माका खय गावतलो?"

दाराशी त्यांची बायको हसली. डॉक्टरभाई हसले नाहीत. ते खिडकीतून खाली बघत होते. आईने चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि म्हणाली, "व्हॅनीत डॉक्टर नसलो तर मी बावटो हातात घेवचंय नाय. एवढा सांगाक इलंय." त्यांनी येतो म्हटलं नाही, येणार नाही असंही म्हटलं नाही.

घरी बाबांना हे चाळीतून आधीच कळलं होतं. बाबा आईवर कधी ओरडत नसत. त्या रात्री ओरडले. "हय आपली पोरां रक्तात पडली आनी तू गुजरात्याच्या दारात जावन चाय पितंस? श्रीमंतांच्या गाड्यांसाठी?"

"गाडयेसाठी नाय," आई म्हणाली. "थय काय चलता ता तुमी एकदा तरी बघलास?"

आईने त्यांना असं कधी विचारलं नव्हतं. रविवारी सकाळी टोपल्या बांधून आम्ही निघालो तेव्हा बाबा चपला घालून जिन्यात उभे होते. त्यांनी सगळ्यात जड टोपली उचलली.

पट्टीवर माणसं जमली होती, कोळीवाड्यातली पोरंसोरंही. गाड्या रांगेत उभ्या. सोराबजींची छप्पर नसलेली जुनी गाडी मनोहरने आदल्या दिवशी पुसून चकचकीत केली होती. पण व्हॅनजवळची खुर्ची रिकामी होती. सोराबजी पेरेरांना म्हणाले, आजच्यापुरतं करू या ना सुरू, एवढी मंडळी आली आहेत. पेरेरांनी मान हलवली. "डॉक्टर ना, शर्यत ना." आई गोणीवर बसली होती, बावटा मांडीवर, हात त्याच्यावर नव्हते. मला वाटत होतं, आता लोक हसतील, बाबा म्हणतील, बघितलं. बाबा मात्र सगळ्यांपासून लांब उभे राहून पट्टीकडे बघत होते.

डॉक्टरभाई आले तेव्हा ऊन बरंच चढलं होतं. एका हातात बॅग, दुसऱ्यात छत्री, काखेत थेपल्यांचा डबा. ते कुणाकडेही न बघता चालत होते. मनोहर सोराबजींच्या गाडीजवळून निघाला, मध्येच थांबला, पुन्हा निघाला. त्यांच्यासमोर जाऊन त्याने हात पुढे केला. "द्या इकडे," म्हणाला. डॉक्टरभाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि बॅग दिली. मनोहरने ती व्हॅनपर्यंत नेली, खुर्ची झटकली, छत्री उघडून बांधली. चालता चालता डॉक्टरभाईंनी काहीतरी विचारलं आणि मनोहरने स्वतःच्या गुडघ्याखाली हात लावून दाखवलं, तेव्हा मला कळलं की ते बारक्याच्या पायाचं विचारताहेत. आईने बावटा उचलला.

शर्यत अर्ध्यावर आली असेल. आईची पाठ माझ्या पाठीला होती. सोराबजींची गाडी आमच्यासमोरून वळणात शिरली आणि फट् असा आवाज झाला. मागचं चाक फुटलं होतं. गाडी गरकन फिरली, गोण्यांत घुसली, तिथून परत उसळून पट्टीवर आडवी उभी राहिली. मी शिट्टी मारली. माझ्याच कानाला ती माझी वाटली नाही. आईने मागे वळून बघितलंसुद्धा नाही. ती बावटा दोन्ही हातांनी हलवत येणाऱ्या गाड्यांच्या दिशेने धावत सुटली, गोणीला अडखळून पडली, उठली, पुन्हा बावटा. तिच्या मागे सोराबजी अजून गाडीतच होते, आणि पायवाटेवर बसलेली माणसं गाडीकडे धावायला लागली होती. अजून थोडी पुढे आली असती तर ती पट्टीवरच आली असती.

तेवढ्यात मला बाबांचा आवाज ऐकू आला. मोर्च्यात रांग मोडली की ते जो आवाज काढायचे, तो. "मागे व्हा. हाताला हात धरा. कुणी पुढे यायचं नाय." ते दोन्ही हात पसरून त्या गर्दीपुढे उभे होते, आणि मोर्च्याची सवय नसलेल्या त्या माणसांनीही खरोखर एकमेकांचे हात धरले. पहिली गाडी वेग कमी करत आईजवळून गेली, मग दुसरी, तिसरी, एकामागून एक, सोराबजींच्या गाडीला वळसा घालून, बैलगाड्यांसारख्या हळू. पुढच्या ठाण्यावर पेरेरांचा लाल बावटा वर गेला आणि सगळं थांबलं. मग मनोहर आणि चार जण धावले, त्यांच्या मागे छत्रीखालून उठून डॉक्टरभाई धावले. सोराबजी गाडीतून आपणहून उतरले. त्यांना खरचटलंही नव्हतं. ते चष्मा शोधत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता.

त्या दिवशी डॉक्टरभाईंना एकच पेशंट मिळाला, माझी आई. पडताना तिचे दोन्ही तळहात सोलवटले होते. त्यांनी ते धुतले, औषध लावलं, पट्ट्या बांधल्या. आई म्हणाली, आता जेवण कोण वाढील. तेव्हा मी वाढलं. गवताच्या गोण्यांवर सगळे बसले, थेपले भातावर आले आणि तिखलं डब्याच्या झाकणात. डॉक्टरभाई मासे खात नव्हते, त्यांना कांबळे मास्तरांनी आपल्या डब्यातली वांग्याची भाजी दिली. बाबा डॉक्टरभाईंच्या शेजारी बसले होते. दुसरीकडे जागा होती, तरी बसले होते. मग बाबा म्हणाले, "मुंबई महाराष्ट्राचीच. ते आम्ही सोडणार नाय."

"ते तुमी सोडू पण नका," डॉक्टरभाई म्हणाले. "पण माझ्या पाटीला डांबर कशाला?"

"ते चूक झालं."

"चूक कोणी केला?"

"ज्याने केली त्याने केली. पाटी पुसून मी देतो. पण मुंबई..."

ते असं सुरू झालं, ते संध्याकाळपर्यंत चाललं. पुढच्या आठवड्यात बाबा आणि मनोहर रॉकेल आणि चिंध्या घेऊन फणसवाडीत गेले, पाटी पुसून आले आणि तिथेही वाद घालून आले. राज्य झालं त्या दिवशी बाबांनी पेढ्यांचा पुडा घेऊन पहिली ट्राम पकडली ती डॉक्टरभाईंकडेच. डॉक्टरभाईंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, आता तरी गिरणीत पगार वाढेल काय?

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारच्या संध्याकाळचं. शर्यत संपली, कप दिले गेले, ज्यांना मिळाले ते गाड्यांत बसून गेले, बघायला आलेली माणसंही पांगली. राहिलो आम्ही. पट्टीवर काचा, खिळे, रबराचे तुकडे पडलेले होते आणि पहाटे कोळणी तिथून अनवाणी जाणार होत्या. पेरेरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे पट्टीच्या रुंदीभर एका ओळीत उभे राहिले, हातभर अंतर ठेवून. मग ती ओळ समुद्राकडे तोंड करून हळूहळू चालायला लागली. पावलागणिक कुणीतरी वाकायचं, काहीतरी उचलायचं, पिशवीत टाकायचं. सोराबजी होते, मनोहर होता, कांबळे मास्तर होते. मधोमध बाबा आणि डॉक्टरभाई, दोघांच्या हातात एकच पिशवी, आणि तोंडाने वाद चालूच. हातवारे करण्याच्या नादात ते दोघे एक मोठा खिळा ओलांडून पुढे गेले.

पट्ट्या बांधलेले हात पोटाशी धरून आई ओळीमागून चालत होती. तिने तो खिळा बघितला.

"बोलाक हरकत नाय," ती दोघांना म्हणाली. "पण खाली बघून बोला."